मशीनशेजारचं स्टेशन

माझं कापायचं टेबल सात फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. सागवानी. चाळीस वर्षं मी त्याच्यावर लोकांचे कोट, शर्ट, पँटी कापल्या आणि टेबल लहान पडतंय असं कुणी कधी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. ते लहान आहे हे मला यंदा कळलं, सत्तरी उलटल्यावर, एका खेळण्यातल्या आगगाडीमुळं.

आधीच सांगतो, मी शिकलेला नाही. चौथीपर्यंत शाळा, तीही कानडी. मराठी अक्षरं मला विठ्ठलाच्या देवळातल्या भजनाच्या वहीतून आली. मैसूरच्या आम्हा लोकांची मराठी अशीच असते, मध्येच कानडी येतं. ज्याला खटकेल त्यानं पुढं वाचू नये.

मंडी मोहल्ल्यात आमचं घर, पुढची खोली म्हणजे दुकान. टेबलाच्या एका टोकाला, रस्त्याकडच्या बाजूला, बायकोची पायमशीन. मी कापायचो, ती शिवायची. काजं-बटणं, हातशिलाई, सगळं तिचं. गिऱ्हाइकं कौतुक माझं करायची, आणि मी ते करून घ्यायचो. आता दिवसातून एखादा येतो, तोही विकत घेतलेली तयार पँट घेऊन. "स्वल्प शॉर्ट करून द्या," म्हणतो. म्हणजे थोडी आखूड करा. दुसऱ्यानं शिवलेलं मी उसवत नाही. त्याला समोरचं दुकान दाखवतो.

मुलगा इंजिनियर आहे, बेंगळूरला. तीन वर्षांपूर्वी त्यानं फ्लॅट घेतला, त्याच्या गृहप्रवेशाला आम्ही दोघं गेलो. त्या दिवसासाठी मी एक पांढरा शर्ट मुद्दाम शिवला होता. कॉलर दोनदा उसवून पुन्हा बसवलेली. पूजा झाली आणि फोटोच्या आधी मुलानं सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या हातात एक खोका दिला. आत तयार शर्ट. गळ्यात प्लास्टिकची पट्टी, पाठीला टाचण्या.

"अप्पा, हा घाला. फोटोत बरा दिसेल."

त्याच्याही अंगावर तसलाच होता. मी खोका मिटला. जेवलो, कारण अन्नावर राग काढू नये. आणि दुपारच्या गाडीनं एकटा मैसूरला आलो. त्यानंतर मी तिकडं गेलेलो नाही.

पुढच्या वर्षी बायकोचा गुडघा गेला. चाळीस वर्षं पायडल मारून जातो तसा गेला. ऑपरेशन मुलाकडं राहून करायचं ठरलं. "दोन महिन्यांत येते हो," म्हणाली. ऑपरेशनच्या दिवशीही मी गेलो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसं लिहितोय. त्या दोन महिन्यांची आता दोन वर्षं झाली.

रोज चार वाजता तिचा फोन येतो, चेहरा दिसतो तसला. फोन तिनंच करायचा. मी कधी लावला नाही. गेली ती, मग बोलवायचंही तिनंच, असं माझं होतं. चारला पाच मिनिटं असताना मी तिच्या मशीनवर दोऱ्यांचा डबा ठेवतो, डब्याला फोन टेकवतो आणि लांब जाऊन काहीतरी करत असल्यासारखा उभा राहतो. वाजला की दोनदा वाजू देतो.

तर आगगाडी. माझ्याकडं चाळीस वर्षं कोट शिवून घेणारे एक डॉक्टर होते. घर आवरून ते परदेशी मुलीकडं निघाले, तेव्हा दोन खोके माझ्या टेबलावर आणून ठेवले. हिरवं इंजिन, तीन डबे, रुळांचे सरळ आणि वाकडे तुकडे, रूळ फुटतात तिथले दोन सांधे, आणि वीज सोडायची एक पेटी. पेटीला फिरवायचं बटण आणि एक दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, वीज भलतीकडं मिळाली की लाल.

"तुमच्याकडं टेबल आहे," डॉक्टर म्हणाले. मी आता काही कापत नाही हे त्यांना दिसलं होतं, पण माणूस सभ्य.

महिनाभर खोके तसेच पडले. मग एका दुपारी रूळ जोडले. टेबलाच्या कडेकडेनं लांबट गोल. गाडी सुटली, फिरत राहिली. चार वाजता बायकोनं फोनमधून बघितलं.

"अय्यो! हे काय मांडलंय?"

"गाडी."

"ते दिसतंय. सारखी गोल गोल काय फिरते? घाण्याला जुंपल्यासारखी."

"मग कशी फिरायला पाहिजे?"

"गाडी फिरत नसते हो. गाडी जाते आणि परत येते. आमची नंजनगूडची गाडी कशी, सकाळी ज्या रुळावरनं गेली त्याच रुळावरनं संध्याकाळी तोंड इकडं करून परत."

तिचं माहेर नंजनगूडचं. लग्नानंतर दर अमावास्येला ती सकाळच्या गाडीनं जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं यायची. मी स्टेशनवर आणायला जायचो. तेव्हा जायचो.

"एवढंच ना," मी म्हटलं, "इंजिन उचलून उलटं ठेवतो."

"हातानं? हातानं धरून आणलेल्याला परत आला म्हणतात होय?" ती हसली. मग म्हणाली, "ज्या दिवशी तुमची गाडी आपली आपण त्याच वाटेनं तोंड करून परत येईल ना, त्या दिवशी मीही येते. बघा. बोलले तर बोलले."

तिनं ते सुम्ने म्हटलं असेल, उगीच गमतीत. पण मी हातातली कात्री खाली ठेवली. दोन वर्षांत ती येण्याबद्दल पहिल्यांदा काही बोलली होती.

गाडीनं जायचं, वळून त्याच रुळावर यायचं, तर शेवटी एक वळसा पाहिजे. सरळ रूळ जातो, सांध्यात फुटून गोल फिरतो आणि त्याच सांध्यात परत मिळतो, पेरूच्या आकारात. मी म्हटलं, दोन्ही टोकांना असा पेरू करू. म्हणजे गाडी जाईल, येईल, पुन्हा जाईल, पुन्हा येईल, कुणी हात लावायला नको. बायकोनं एकदा बघितलं की बोलायला जागा उरणार नाही.

मी ब्राऊन पेपर काढला. रूळ मांडून बघायचे नाहीत, आधी कागद कापायचा, ही आमच्या धंद्याची रीत. कापड एकदा कापलं की जोडता येत नाही, कागद शंभर वेळा कापा. रुळांच्या गोलाईचा फर्मा काढला. खोक्यातले वाकडे तुकडे जेवढे वाकतात तेवढेच वाकतात, त्याहून लहान गोल होत नाही. गोलच अडीच फुटांचा. त्याला सांधा आणि तिथपर्यंत यायची वाट धरली की एक पेरू पावणेचार फूट. दोन पेरू साडेसात. मध्ये सरळ रूळ निदान फूटभर तरी नको का? साडेआठ. टेबल सात.

दीड फूट कमी.

कमी कापडात शर्ट बसवणं हे माझं नाव होतं. दुसरे शिंपी जिथं नाही म्हणायचे तिथं गिऱ्हाइकं माझ्याकडं यायची. एक बाही सुलटी ठेवायची, दुसरी उलटी, एकीच्या खांद्यापाशी दुसरीचं मनगट, कॉलरची पट्टी मुंढ्याच्या, म्हणजे बाही बसते त्या, पोकळीतून काढायची. तसंच मी त्या कागदी पेरूंचं केलं. फिरवले, तिरके केले, एकावर एक चढवले. कागदावर बसले. पण कागदाला कागद चालतो, रुळावर रूळ चालत नाही. मग एक वळसा उचलून वर घेतला, रिकाम्या रिळांवर. इंजिन चढ चढेना. चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी हळूच मागं आली.

हे सगळं बायको रोज चारला बघायची.

"झालं का तोंड फिरवून?"

"होतंय."

"दीड फुटाचंच अडलंय ना? मशीन आहे की तिथं. दीड फूटच रुंद आहे ती. हलवा तिला."

"मशीन हलणार नाही," मी म्हटलं.

 पडद्यावरचा तिचा चेहरा बाजूला गेला, नुसतं छत दिसत राहिलं. मला वाटलं, फोन हातातनं निसटला असेल.

ती म्हणाली ते खरं होतं. मशीन उचलून न्यायचीही गरज नव्हती; तिचं डोकं आत पाडलं, वर फळी टाकली, खाली ठोकळे दिले की टेबल साडेआठ फूट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदी पेरू घेऊन मशीनपाशी गेलो. कव्हर काढलं. दर शुक्रवारी तेल घालतो, त्यामुळं चाक हलकं फिरतं. कागद ठेवून बघितला. टेबलाबाहेर आलेला भाग बरोबर मशीनवर बसला, इंचाचाही फरक नाही. मग फळीच्या आड येईल म्हणून खण उघडला. आत दोन बॉबिन, अर्धी सुपारी, तिचा एका काडीचा चष्मा आणि एक शर्टाची बाही. बाहीला काज घालायचं अर्धं राहिलेलं, सुई तशीच खोचलेली. कुणाचा शर्ट होता आठवेना. गिऱ्हाईकही घ्यायला आलं नाही.

ती परत आली आणि तिच्या जागी रूळ दिसले तर? कशासाठी आली म्हणायची मग?

मी खण लावला. कव्हर घातलं. दोन दिवस टेबलाकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी भात खाताना सुचलं ते इतकं सोपं होतं की माझाच राग आला. शर्टाला मुंढे दोन असतात, पण गळा एकच. वळसा लांबच्या टोकालाच पाहिजे. मशीनकडच्या टोकाला घर. गाडी घरातून निघेल, लांब जाऊन वळेल, त्याच वाटेनं तोंड करून घरी येईल आणि थांबेल. आलेल्या गाडीला लगेच परत घालवायचं कशाला? दोन पेरूंचा हट्ट माझाच होता, बायकोनं मागितलाच नव्हता.

पावणेचार फूट वळसा, सव्वातीन फूट सरळ रूळ, टेबल पूर्ण. सरळ रुळावर इंजिन आणि तीन डबे मावत नाहीत, शेवटचा डबा सांध्यावर राहतो. एक डबा काढून ठेवला. दोन डबे पुष्कळ.

रूळ जोडायला मी घाई केली नाही. दोन तुकडे जिथं मिळतात तिथं केसाएवढी फट दिसली तरी कानशीनं घासून बसवली. शिवणीत फट दिसली तर ती शिवण नव्हे. आमच्या वडिलांनी मला पहिला मार दिला तो त्यासाठी. शेवटचा तुकडा सांध्यात बसवला, बोट फिरवून बघितलं, कुठं जोड आहे ते बोटाला कळू नये असं झालं होतं.

बटण फिरवलं. दिवा लाल.

रूळ पुसले. लाल. पेटी बदलायची म्हटलं तर दुसरी आणायची कुठून? शेवटचा तुकडा काढला की हिरवा. बसवला की लाल. म्हणजे वळसा पुरा झाला की बिघडत होतं, आणि अर्धा असला की सगळं ठीक. आठ दिवस मी तो एक तुकडा काढत होतो आणि घालत होतो.

एकदा चार वाजता बायको काही विचारायच्या आधी मागून मुलाचा आवाज आला. रविवार होता, घरी असणार.

"अप्पा, रिव्हर्स लूप म्हणतात त्याला. त्याला रूळ कापावे लागतात—"

"कापायचं मला शिकवतोस?"

"तसं नाही अप्पा, ऐकून तर घ्या—"

"तुझ्या पाळण्यातली दुपटीसुद्धा या हातांनी कापलीत. आईकडं दे फोन."

फोन तिच्याकडंच होता. ती हळूच म्हणाली, "ऐकायचं होतं की हो जरा." मी जेवणाचं विचारलं आणि ठेवला.

पण कान काही बंद करता येत नाहीत. कापावे लागतात, एवढं ऐकलं होतं. कुठं, किती, ते मी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बारीक करवतीनं वळशाच्या एका बाजूला, सांध्याच्या अलीकडं, दोन्ही रूळ कापले. एवढं घासून बसवलेलं काम पुन्हा कापताना करवत दोनदा खाली ठेवली, पण कापलं. दिवा हिरवा! इंजिन निघालं, वळशात शिरलं, झोकात फिरलं, आणि कापलेल्या जागेवर पुढची चाकं आली मात्र, जागेवर थांबलं. लाल.

फोन करून विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. मी सहा आठवडे घालवले.

सहा आठवडे रोज चार वाजता मी सांगायचो, "थोडं राहिलंय." आणि ती म्हणायची, "असू दे. घाई काय आहे?" हे म्हणताना तिला बरं वाटत असल्यासारखं दिसायचं. ते मला खटकायचं. येण्याची घाई तिला कशी नाही?

शेवटी दोऱ्यांनी सोडवलं. एका दुपारी उगीच, हाताला चाळा म्हणून, मी लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि डाव्या रुळावर दोरा सोडत गेलो. उजव्या रुळावर पांढरा. सरळ रुळावरून सांध्यात, सांध्यातून वळशाला, गोल फिरून परत सांध्याशी. आणि बघतो तर लाल दोरा पांढऱ्यावर येऊन बसलेला. डावा फिरून आला की उजवा होतो! कोटाची बाही उलटी केली की डावी उजवी होते तसा. मी दोन वेगळ्या विजा नेऊन एकमेकींच्या गळ्यात घालत होतो, आणि वर जोड घट्ट बसलाय म्हणून खूश होत होतो. वळसा दोन्ही टोकांना तुटलेला पाहिजे. आत गेलेल्या गाडीचा बाहेरच्या रुळाशी थोडा वेळ काही संबंध उरता कामा नये. ती आत असतानाच बाहेरच्या रुळाची वीज उलटी करायची, सांधा फिरवायचा, मग ती निवांत बाहेर येते.

मुलगा हेच सांगत होता. मी त्याला अजून सांगितलेलं नाही की मला कळलं.

दुसरं टोक कापलं. वीज उलटी करायला स्विच पाहिजे, म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. मालक माझ्या मुलाच्या वयाचा. कागदावर काढून दाखवलं, लाल रेघ, पांढरी रेघ. त्यानं सहा पायांचा एक स्विच काढला, तारा कुठून कुठं त्या दाखवल्या.

"मोम्मगनिगा, ताता?" त्यानं विचारलं. म्हणजे नातवासाठी का, आजोबा?

"हौदू," मी म्हटलं. हो म्हणून सुटलो.

दोन दिवस एकट्यानं चालवून बघितली. दोन हातांचं काम आहे. गाडी वळशात शिरली की डाव्या हातानं सांधा, उजव्या हातानं स्विच. चुकलं तर लाल. दहा वेळा चुकलो, मग हाताला सवय लागली. मशीनपाशी रूळ संपतो तिथं मी बटणं लावायच्या पुठ्ठ्याची एक पाटी उभी केली. तिच्यावर काही लिहिलं नाही.

त्या दिवशी चारला मी फोन एकदा वाजल्याबरोबर उचलला.

"आज काय एवढी घाई?" ती म्हणाली.

"गप बस आणि बघ."

फोन डब्याला टेकवला, तोंड टेबलाकडं. गाडी मशीनपासून निघाली, बायकोला पाठमोरी. शेवटचा डबा लहान होत गेला. सांध्यात डगमगली, वळशाला लागली. मी सांधा फिरवला, स्विच फिरवला. दिवा हिरवाच. इंजिन वळून आलं, सांध्यातून बाहेर पडलं आणि सरळ रुळावर तोंड करून फोनकडं यायला लागलं. पुढचा दिवा त्याला आहे, छोटासा, तो इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आला नव्हता. मी बटण हळूहळू कमी केलं. पाटीपाशी येऊन गाडी थांबली.



"बघितलंस ना? हात लावला नाही. कधी येतेस?"

"किती सुरेख आली हो," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो.

"कधी येतेस ते सांग. बोलली होतीस."

"बोलले होते."

"मशीनला दर शुक्रवारी तेल घालतोय. हलवली नाही. बघ, आहे तिथंच आहे."

"तेच तर," ती म्हणाली. "अहो, मला पायडल मारता येणार नाही. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय. खाली बसायचं नाही, तुमच्या घराचा तो उंबरा, मागच्या तीन पायऱ्या, काही जमायचं नाही. आठवड्यातून दोनदा इथं पाय दाखवायला न्यावं लागतं मला. मी यायची नाही आता राहायला. रोज सांगीन म्हणायचे. तुम्ही रोज मशीन पुसताना दिसायचात."

"दोन वर्षं?"

"तुम्ही एकदा येऊन बघितलं असतंत तर सांगावं लागलं नसतं."

मी फोन ठेवला. माझं तोंड त्या पडद्यात कसं दिसलं असेल कोण जाणे.

पुढचे तीन दिवस फोन वाजला आणि मी उचलला नाही. पहिल्या दिवशी तिच्यावर राग होता. दुसऱ्या दिवशी मुलावर. तिसऱ्या दिवशी मी मशीनचा खण उघडून ती बाही काढली आणि अर्धं काज पुरं करायला बसलो. दोनदा सुई टोचली. तिचे टाके एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला, कुणालाही ओळखू यावेत असे वेगळे. तिचे कितीतरी बारीक. इतकी वर्षं लोक माझ्या हाताचं कौतुक करत होते.

दुकानात माझ्याशिवाय कुणी नाही हे मला दोन वर्षं माहीतच होतं. पण ती येईपर्यंत कुणी नाही, असं होतं ते. त्या दिवशी नुसतंच कुणी नाही असं झालं. मशीनवर फळी टाकली तर दुसऱ्या पेरूला आता जागा आहे, दीड फूट बरोबर. मी तो केला नाही.

चौथ्या दिवशी चार वाजले. फोन वाजला नाही. सव्वाचार झाले. मी डबा मशीनवर ठेवला, फोन टेकवला, आणि मग लक्षात आलं की लावतात कसा ते मला नीट येत नाही. तिचा फोटो दिसला, त्याच्यावर बोट दाबलं.

एकदाच वाजला.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली. दिसत होतो की मी तिला.

"थट्टा नको. टेप आहे का तिथं? शिवायची."

"आहे. कशाला?"

"तुझ्या मुलाच्या गळ्याचं माप घे. आणि खांद्याचं. आधीचं माप माझ्या वहीत आहे, पण तेव्हा तो कॉलेजात होता."

तिनं फोन जवळ धरला.

"मीच घेऊन येतो, दोन दिवस," मी म्हटलं. "जास्त राहणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. आणि त्याला सांग, शर्ट घालायचा असला तर घाल, नाहीतर खोक्यात ठेव, पण फोटोबिटो काढायचा नाही."

"आयतु," ती म्हणाली. ठरलं. मग म्हणाली, "शिवणार कोण? तुमची मशीनवरची शिलाई वाकडी येते."

"बघू. तिकडं आलो की तू शिव्या दे."

मापं आली. गळा साडेसोळा. मुलगा जाड झालाय. पांढरं कापड घरात होतं, धुऊन वाळवून इस्त्री केलं, पण कापायला टेबल पाहिजे आणि टेबलावर गाडी. रूळ उचलावे लागले. उचलायच्या आधी मी प्रत्येक तुकड्याच्या कडेनं खडूची रेघ मारून घेतली, दोन्ही कापल्या जागांवर फुली केली, म्हणजे आल्यावर पुन्हा मांडताना शोधायला नको. त्या रेघांवरच कापड पसरलं. इंजिन आणि दोन डबे मशीनवर ठेवले, तोंड टेबलाकडं करून. तिसरा डबा खोक्यात होता, तोही काढून त्यांना जोडला.